जालना जिल्ह्यातील घरगुती विद्युत्संचय : शिशाच्या घटापासून लोह-फॉस्फेट घटापर्यंत

जालना जिल्ह्याच्या अर्वाचीन आर्थिक इतिहासात विजेचा उल्लेख येतो तो बहुधा पोलादाच्या भट्ट्यांच्या संदर्भात. जालना शहराच्या औद्योगिक वसाहतीत भंगार लोखंड वितळवून सळया ओढणारे कारखाने आहेत, आणि त्यांचा वीजवापर प्रचंड आहे. परंतु त्याच जिल्ह्यातील भोकरदन, मंठा किंवा घनसावंगी तालुक्यांतील एखाद्या घराने रात्रीच्या दिव्यासाठी आणि पंख्यासाठी वीज कशी साठविली, याचा विचार इतिहासाच्या अभ्यासकांनी फारसा केलेला नाही. विषय लहान आहे हे खरे. तथापि त्यात एक प्रश्न असा आहे की, ज्याचे उत्तर न मिळाल्याने अनेक कुटुंबांचा कष्टाचा पैसा वाया जाऊ शकतो : एका जातीच्या घटावर जडलेली सवय दुसऱ्या जातीच्या घटाला लावली असता काय घडते?

जालना हा जिल्हा म्हणून १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तोपर्यंत त्याचा बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यात व परतूरचा भाग परभणी जिल्ह्यात मोडत असे. त्याआधीचा हा मुलूख निजामाच्या राज्यातील. १९४८ नंतर हैदराबाद राज्य, १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्य आणि १९६० साली महाराष्ट्र, असा त्याचा प्रवास झाला. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० च्या जून महिन्यात स्थापन झाले, आणि खेडोपाडी खांब उभे राहण्याचे काम पुढील दोन-तीन दशकांत झाले. खांब आले, तारा आल्या. परंतु वीज अखंड आली नाही. शेतीच्या पंपांना ठराविक तास तीन फेजांचा पुरवठा, तोही आठवड्याच्या पाळीने कधी दिवसा तर कधी रात्री, आणि गावठाणातील घरे त्याच वाहिनीवर, अशी व्यवस्था दीर्घकाळ होती. पंपांची पाळी संपली की घरांतही अंधार होई. गावठाणाची वाहिनी शेतीपासून वेगळी करण्याच्या योजना पुढे आल्या त्या याच कारणाने.

जून २००५ मध्ये विद्युत मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. राज्यातील तुटवड्याने कळस गाठला तो नेमका याच सुमारास. मागणी आणि पुरवठा यांतील अंतर चार हजार मेगावॉटांच्या पुढे गेले, आणि ‘भारनियमन’ हा शासकीय शब्द व ‘लोडशेडिंग’ हा बोलीतला शब्द घराघरांत पोचला. ग्रामीण भागात दिवसाचे बारा-बारा तास वीज नसे. ज्यांना परवडले त्यांनी इन्व्हर्टर आणि त्यासोबत शिशाची एक मोठी बॅटरी घरी आणली. घरगुती विद्युत्संचयाचा या जिल्ह्यातील पहिला व्यापक अध्याय हाच होय. तो सूर्याने नव्हे, टंचाईने लिहिला.

शिशाचा घट फ्रान्समध्ये गास्ताँ प्लाँते याने १८५९ साली सिद्ध केला, आणि १८८१ साली कामीय फोर याने त्याच्या पट्ट्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप देऊन तो व्यवहारोपयोगी केला. भारतीय घरांत आलेला त्याचा प्रकार म्हणजे सहा घटांची, बारा व्होल्टांची, नळीच्या आकाराच्या पट्ट्यांची ‘ट्यूब्युलर’ बॅटरी. बहुधा दीडशे ॲम्पिअर-तासांची. तिच्याबरोबर एक आचारधर्मही आला. महिना-दोन महिन्यांनी झाकणे उघडून शुद्ध पाणी टाकावे, टोकांवर चढलेली पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुऊन व्हॅसलीन लावावे, बॅटरी कधी पूर्ण उतरू देऊ नये, आणि वीज असेल तितका वेळ ती भरत ठेवावी. हे शास्त्र कोणी पुस्तकातून शिकले नाही. तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चार्ज करून देणारा जो कारागीर असे, त्याच्या तोंडून ते पसरले, आणि ते बव्हंशी बरोबरच होते. अर्धवट भरलेल्या अवस्थेत शिशाचा घट पडून राहिला तर पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटाचे कठीण स्फटिक बसतात व धारकता कायमची घटते. बारा तास वीज नसेल आणि उरलेल्या वेळातही दाब कमी असेल, तर बॅटरी पूर्ण भरणे अवघड. भारनियमनाने बॅटरीची गरज निर्माण केली, आणि तिचे आयुष्यही भारनियमनानेच खाल्ले.

या आचारधर्मातील एक गोष्ट विशेष विचारार्ह आहे. मालिकेत जोडलेले सहा घट कधीच तंतोतंत सारखे नसतात; एखादा थोडा मागे राहतोच. शिशाच्या बॅटरीत या विषमतेवर उपाय अगदी साधा होता. प्रत्येक घटाचा दाब सुमारे २.४ व्होल्टांवर गेला की जादा प्रवाह पाण्याचे विघटन करू लागतो, हायड्रोजन व ऑक्सिजन बुडबुड्यांच्या रूपाने निघून जातात, आणि भरलेला घट फारशी इजा न होता प्रवाह पुढे जाऊ देतो. त्या अवधीत मागे राहिलेला घट भरून येतो. म्हणून शिशाच्या बॅटरीला अधूनमधून मुद्दाम जास्त भरावे लागे. बारा व्होल्टांच्या बॅटरीवर पंधरा व्होल्टांपेक्षा किंचित अधिक दाब काही तास ठेवीत. म्हणजे अतिप्रभारण हेच तिचे समतोलन होते, आणि त्याची किंमत म्हणजे वरून टाकावे लागणारे पाणी. ज्या गृहिणीने डिस्टिल्ड वॉटरची बाटली आणून सहा भोकांत पाणी ओतले, तिने नकळत सहा घटांच्या समतोलाचा खर्चच भरला.

सूर्यशक्तीचा प्रवेश जिल्ह्यात मुख्यतः शेतीच्या वाटेने झाला. २०२४ साली राज्याने ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना सुरू केली, आणि तिच्या आरंभीच्या काळात पंप बसविण्यात जालना जिल्हा राज्यात आघाडीवर होता. या पंपांना बॅटरी नसते, आणि तिची तशी गरजही नसते. पंपाने उपसलेले पाणी विहिरीतून शेततळ्यात गेले की दिवसाचे ऊन तिथे साठले असे समजावे. जालना तालुक्यातील कडवंची या गावाने १९९६ पासून पाणलोटाची कामे व पुढे शेततळी यांच्या बळावर द्राक्षबागा उभ्या केल्या; खरपुडीचे कृषि विज्ञान केंद्र व मराठवाडा शेती साहाय्य मंडळ यांचा त्यात वाटा होता. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, त्यानंतर साठवणीचे महत्त्व येथे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. परंतु रात्रीचा दिवा शेततळ्यातील पाण्यावर लागत नाही. घराला वेगळी साठवण हवी.

१३ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्र सरकारची ‘पीएम सूर्यघर’ योजना जाहीर झाली, व तीन किलोवॉट किंवा अधिक क्षमतेच्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले. तिच्यातून छपरांवर आलेले बहुसंख्य संच वीजवाहिनीला जोडलेले आहेत. अशा संचाविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. वीज गेली तरी आपल्या छपरावर ऊन आहे, तेव्हा घरात वीज राहील, असे माणसाला वाटते. प्रत्यक्षात वाहिनी मृत होताच संचातील इन्व्हर्टर स्वतःस बंद करतो. तसे न झाल्यास खांबावर चढलेल्या वायरमनला छपरावरील विजेचा धक्का बसेल. भर दुपारी, लख्ख उन्हात, सौर घर अंधारात राहते ते यामुळे. हा अनुभव आला की बॅटरीचा विचार सुरू होतो, आणि आज बाजारात गेल्यावर त्या विचाराचे उत्तर म्हणून दुकानदार शिशाच्या जोडीने लिथियम-लोह-फॉस्फेटाची पेटी दाखवितो.

या घटाचा जन्म टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील प्रयोगशाळेत झाला. जॉन गुडएनफ हे १९८० साली ऑक्सफर्ड येथे लिथियम-कोबाल्ट-ऑक्साइडाचे धनाग्र शोधून विख्यात झाले होते, व त्यावर आधारलेला घट १९९१ साली सोनी कंपनीने बाजारात आणला. कोबाल्ट महाग, विषारी, आणि तापल्यास ऑक्सिजन सोडणारा. लोखंडाचा उपयोग करता आला तर स्वस्ताई व निर्धोकपणा दोन्ही साधतील, या दिशेने शोध चालू असता गुडएनफ यांचे सहकारी अक्षय पाढी व के. एस. नंजुंदस्वामी यांच्यासह ऑलिव्हिन रचनेच्या फॉस्फेटांवरील निबंध १९९७ साली प्रसिद्ध झाला. भारतीय वंशाची ही दोन नावे आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत सहसा दिसत नाहीत, ही खेदाची बाब आहे. लिथियम-लोह-फॉस्फेट हे निसर्गात ट्रिफिलाइट या खनिजाच्या रूपाने आढळते. त्यातील फॉस्फरस व ऑक्सिजन यांचा बंध इतका दृढ असतो की, घट तापला तरी ऑक्सिजन सहजी सुटत नाही. दोष एकच होता : हा पदार्थ वीज फार मंदपणे वाहतो. मिशेल आर्मां व कॅनडातील संशोधक यांनी कणांवर कार्बनाचा पातळ लेप चढवून तो दोष दूर केला. पुढे एकाधिकारपत्रांवरून दीर्घ न्यायालयीन झगडे झाले. चीनने आपल्या देशांतर्गत उत्पादनासाठी वेगळी सवलत मिळविली, आणि २०२२ च्या सुमारास मूळ हक्क संपले तोवर जगातील बहुतांश उत्पादन तिथे स्थिर झाले होते. गुडएनफ यांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. २०२३ साली ते निवर्तले.

आता या घटाच्या स्वभावाकडे वळावे. भरताना व उतरताना त्याच्या धनाग्रात दोन पदार्थ शेजारी-शेजारी नांदतात, एक लिथियमयुक्त व एक लिथियमरहित. त्यांचे प्रमाण बदलते, पण ते दोन्ही उपस्थित आहेत तोपर्यंत दाब जवळजवळ बदलत नाही. बर्फ आणि पाणी एका भांड्यात असेतो तापमान शून्यावरच राहते, मग बर्फ पाऊण उरलेला असो वा पाव. तसाच हा प्रकार. घट सुमारे वीस टक्के भरलेला असो वा ऐंशी टक्के, त्याचा दाब ३.२५ ते ३.३३ व्होल्टांच्या आसपासच दिसतो. शिशाच्या बॅटरीत दाबावरून किंवा हायड्रोमीटरने आम्लाची घनता पाहून किती भरली याचा अंदाज येत असे. येथे मीटर लावून काहीच कळत नाही. दोन घटांत पंधरा टक्क्यांचा फरक असला तरी दोन्ही सारखेच दिसतात, आणि तो फरक प्रकट होतो तो केवळ शेवटच्या टप्प्यात : पुढे असलेला घट एकदम ३.४ वरून ३.६५ व्होल्टांकडे उसळी घेतो, मागचा अद्याप ३.३५ वरच असतो.

शिवाय शिशाच्या घटाकडे जो मोकळा मार्ग होता, तो या घटाकडे नाही. जादा प्रवाह पचवायला त्यात पाणी नाही. जादा प्रवाह द्रव विद्राव्याची व अग्रांची नासाडी करतो. अतिप्रभारणाने समतोल साधण्याची वाट अशा रीतीने बंद झाल्यामुळे ते काम बाहेरून करावे लागते, आणि त्यासाठी पेटीत एक नियंत्रक मंडल बसवितात. बाजारात त्याला बीएमएस म्हणतात. सोळा घट मालिकेत जोडले असता ५१.२ व्होल्टांची पेटी बनते. मंडल प्रत्येक घटाचा दाब स्वतंत्रपणे पाहते. एकही घट ३.६५ व्होल्टांवर गेला तर प्रभारण तोडते, एकही २.५ व्होल्टांवर उतरला तर पुरवठा तोडते. सोळांपैकी पंधरा घट अर्धे भरलेले असले तरी एका घटाच्या शब्दावर सर्वांचे काम थांबते.

समतोलनाची सामान्य रीत म्हणजे पुढे गेलेल्या घटावर एक लहानसा रोधक जोडून त्याची थोडी वीज उष्णतेच्या रूपाने उडवून देणे. येथे एक हिशेब करून पाहावा. शंभर ॲम्पिअर-तासांच्या घटमालेत एक घट इतरांहून दोन ॲम्पिअर-तासांनी मागे आहे असे समजा. स्वस्त मंडलातील रोधकाचा प्रवाह पन्नास मिलिॲम्पिअर असला, तर इतर घटांतून दोन ॲम्पिअर-तास काढण्यास चाळीस तास लागतील. मात्र हे काम घटांचा दाब ३.४ व्होल्टांच्या वर असतानाच करावे लागते, कारण त्याखालच्या सपाट भागात कोण पुढे आणि कोण मागे हे दाबावरून ठरत नाही. सौर संचात घटमाला त्या वरच्या पट्ट्यात दिवसाकाठी जेमतेम अर्धा तास राहिली, तर चाळीस तासांना ऐंशी दिवस हवेत. ऐंशी दिवस म्हणजे जवळजवळ सगळा पावसाळा. आणि पावसाळ्यात घटमाला वरच्या पट्ट्यात पोचतेच असे नाही.

म्हणून आरंभीची काळजी निर्णायक ठरते. सुटे घट आणून पेटी जुळविणारे कारागीर आता लहान शहरांतही आहेत. जाणता कारागीर सोळाही घट प्रथम समांतर जोडतो, त्यांना ३.६५ व्होल्टांचा स्थिर दाब देतो व प्रवाह अगदी क्षीण होईपर्यंत थांबतो. त्यानंतरच मालिका जोडतो. या कामाला धीर लागतो. शंभर ॲम्पिअर-तासांचे सोळा घट चाळीस टक्के भरलेले आले असतील, तर दहा ॲम्पिअरांच्या यंत्राने ते भरण्यास शहाण्णव तास, म्हणजे पूर्ण चार दिवस लागतात. घट आधी मालिकेत, मंडलाच्या पहाऱ्याखाली जवळजवळ भरून घेऊन मग समांतर जोडले तर वेळ वाचतो. गिऱ्हाईक दारात उभे असताना चार दिवस थांबणे कठीण, हे समजण्यासारखे आहे. पण न थांबल्याचे परिणाम गिऱ्हाइकाच्या घरी दिसतात. घटाघटांत वीज इकडून तिकडे सरकविणारे सक्रिय समतोलकही मिळतात, व त्यांचा प्रवाह एक-दोन ॲम्पिअर असल्याने ते आठवड्यांचे काम तासांत करतात. पण तेही दाबावरूनच निर्णय घेतात. त्यांना सपाट भागात मोकळे सोडले, तर भार पडताच ज्या घटाचा आंतररोध अधिक त्याचा दाब खाली दिसतो, आणि समतोलक त्यालाच रिकामा समजून भरीत बसतो. यातून समतोल बिघडतो. ३.४ व्होल्टांच्या खाली तो बंद ठेवणे हाच शहाणपणा.

सर्वांत मोठी अडचण मात्र यंत्रांची नसून वारशाची आहे. घरात जुना इन्व्हर्टर असतो. तो शिशासाठी घडविलेला. त्याला चार घटांची १२.८ व्होल्टांची नवी पेटी जोडली जाते. त्याचे १४.४ व्होल्ट म्हणजे प्रतिघट ३.६ व्होल्ट, येथवर ठीक. परंतु समतोलासाठी तो पंधरा व्होल्टांवर चढला की मंडल मधूनच तोडते, आणि मालकाला वाटते की बॅटरी खराब आहे. भरून झाल्यावर तो १३.८ व्होल्ट अखंड धरून ठेवतो, म्हणजे प्रतिघट ३.४५ व्होल्ट. शिशाला ही शुश्रूषा. लोह-फॉस्फेटाला हळूहळू झिजविणारी गोष्ट. हा घट काठोकाठ भरून व उष्णतेत पडून राहिला की लवकर म्हातारा होतो. जालन्यात मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहूनही वर; पंचेचाळीस अंशांच्या वर प्रभारण टाळावे असे सामान्यतः मानतात. तेव्हा पेटी पत्र्याखाली न ठेवता मातीच्या किंवा विटांच्या भिंतीशी, जमिनीलगत ठेवणे बरे. ‘बॅटरी सदैव भरलेली ठेवावी’ हे जुने वचन येथे उलटते. सोळा घटांच्या पेटीला प्रतिघट ३.४५ ते ३.५५, म्हणजे एकूण ५५ ते ५७ व्होल्टांच्या दरम्यान भरून, थोडा वेळ तिथे धरून, नंतर दाब ५३.६ च्या आसपास उतरू द्यावा, अशी व्यवस्था या घटाच्या प्रकृतीला मानवते.

यात एक खरा पेच आहे, आणि तो कोणत्याही मंडलाने पुरता सुटलेला नाही. आयुष्य वाढवायचे तर घट शिगोशीग भरू नये. समतोल राखायचा तर अधूनमधून शिगोशीग भरलाच पाहिजे. उन्हाळ्यात घटमाला रोज दुपारीच भरते व उरलेला दिवस भरलेल्या अवस्थेत तापत राहते. तेव्हा वरची मर्यादा कमी ठेवावी. आषाढ-श्रावणात आभाळ भरून राहिले की, ती कित्येक दिवस सपाट भागातच वरखाली होते, समतोलन थांबते, घटांतील फरक नकळत साचत जातो, आणि एके संध्याकाळी पडद्यावर चाळीस टक्के दिसत असता घर अंधारात बुडते. घट बिघडलेले नसतात. एक मागे पडलेला असतो एवढेच. पंधरा-वीस दिवसांतून एकदा वाहिनीच्या विजेवर पेटी सावकाश, कमी प्रवाहाने पूर्ण भरून दोन-तीन तास तशीच धरली, तर ही वेळ बहुधा येत नाही. ज्या वाहिनीच्या लहरीपणामुळे घरांनी बॅटऱ्या आणल्या, तिचेच साहाय्य पावसाळ्यात घ्यावे लागते, हा या इतिहासातील एक गमतीदार उलटफेर होय.

जुन्या शिशाच्या बॅटरीला अखेरीस एक मोल होते. ती निकामी झाली तरी वजनावर विकली जाई, व नव्या बॅटरीच्या किमतीतून तेवढी रक्कम वजा होई. २००१ च्या नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादक व विक्रेता यांच्यावर टाकली होती. ऑगस्ट २०२२ च्या नव्या नियमांनी ही जबाबदारी लिथियमच्या घटांपर्यंत वाढविली आहे. परंतु लोह-फॉस्फेटात ना शिसे, ना कोबाल्ट. भंगारवाल्याच्या काट्यावर त्याला शिशासारखा भाव नाही. या पेट्या दहा-पंधरा वर्षांनी निवृत्त होऊ लागतील तेव्हा त्या मंठ्याहून किंवा जाफराबादहून कोठे जातील, याची व्यवस्था अजून आकाराला यायची आहे.